भांडायचं इंग्रजी

दसरा झाला की आमच्याकडचा उजेड बदलतो. चार महिने धुक्यात बुडालेलं लोणावळं एखाद्या सकाळी कुणीतरी फडक्याने पुसून ठेवल्यासारखं दिसतं. मक्याच्या कणसांच्या गाड्या उठलेल्या असतात, धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर नुसते ओले ओघळ उरतात आणि एरवी नसल्यासारखा असलेला लोहगड अचानक इतका जवळ येतो की त्याच्या कडा डोळ्यांना बोचतात. खाली मळवलीपासून कामशेतपर्यंत भात पिवळं पडतं. खाचराखाचरांतून बायका वाकलेल्या दिसतात आणि वारा आपल्या बाजूने असेल तर विळ्यांची खरखर रस्त्यापर्यंत ऐकू येते.

लोकांना या दिवसांत प्रसन्न वाटतं. मला वाटत नाही. या उजेडात सगळं फार स्पष्ट दिसतं.

परवा पवनेच्या बाजूच्या एका नव्या हॉटेलातून फोन आला. कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवायचं आहे. नुसतं 'गुड मॉर्निंग, सर' नको. मतभेद झाले, तक्रार आली, वरिष्ठांशी काही बोलायचं असलं, तर ते कसं बोलावं ते हवं. 'तुमचं नाव खूप ऐकलंय मॅडम,' पलीकडची मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं. मग कपाटातली जुनी फाइल काढली आणि ती उघडायच्या आधीच मला वाफेचा वास आला. साबण, ब्लीच आणि तापलेलं सुती कापड यांचा तो वास.

तेव्हा मी औंढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर बांधलेल्या एका रिसॉर्टमध्ये शिकवत होते. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि घरात बसून मी आंबत चालले होते. अशात तीन महिन्यांचं ते काम आलं. दुपारी तीन ते चार, जेवणाच्या दालनामागच्या खोलीत बारा जण बसायचे. स्वयंपाकघरातले, बागेतले, खोल्या आवरणारे, आणि लाँड्रीच्या मुकादम ताराबाई.

ताराबाई औंढ्याच्याच. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, आवाज मात्र तीन खाचरं ओलांडून जाईल असा. रिसॉर्टकडे चढणारा रस्ता त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीतून जातो. जमीन देताना घरातल्या एकाला कायमची नोकरी, असं ठरलं होतं. नवऱ्याला कंबरेचं दुखणं, म्हणून नोकरीवर त्या आल्या. चादरी मोजण्यापासून सुरुवात करून सात बायकांच्या मुकादम झाल्या. वर्गात पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, इंग्रजी कशासाठी शिकायचंय? कुणी म्हणालं पाहुण्यांसाठी, कुणी म्हणालं बढतीसाठी. ताराबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''बाई, मला भांडायचं इंग्रजी शिकवा.''

सगळे हसले. मीही हसले. त्या हसल्या नाहीत.

''हसू नका. मराठीत भांडलं की सायेब म्हणतात, आवाज खाली. इंग्रजीत भांडलं की म्हणतात, बसा. मी बघितलंय.''

माझ्या फाइलीत तेच तर होतं. फक्त त्याचं नाव सभ्य होतं. मी एकेक वाक्प्रचार फळ्यावर लिहायची, त्याखाली देवनागरीत उच्चार, त्याखाली अर्थ. मीट अस हाफवे. क्लिअर द एअर. म्हणजे मनातली अढी बोलून मोकळी करणं. बरी द हॅचेट. ताराबाई ते लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घ्यायच्या आणि प्रत्येकाशी झटापट करायच्या.

''हाफवे म्हंजी निम्म्या वाटेत. पण बाई, त्यो गाडीत बसून येनार, आमी चालत. मग निम्मी वाट कुनाच्या मापानं?''

''कुऱ्हाड पुरून टाकायची? आन् लाकडं कशानं फोडायची?''

वर्गात हशा पिकायचा. मला त्या आवडायच्या, हे खरं आहे. मैत्रिणींना मी त्यांचे किस्से सांगायची, त्यांच्या आवाजात, त्यांच्या 'आन्' आणि 'म्हंजी'सकट. मैत्रिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. मी ते प्रेमाने सांगत होते असं मला तेव्हा वाटायचं. आता तितकं खात्रीने वाटत नाही. आपण ज्यांची नक्कल करतो त्यांना कुठेतरी आधीच खालच्या पायरीवर बसवलेलं असतं.

भात पिवळं पडून कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला लाँड्रीत सुमनचा हात यंत्रात गेला. सुमन पंचविशीची, ताराबाईंच्या हाताखाली काम करणारी. तिथे दोन तापलेले रूळ फिरत असतात आणि त्यांच्यामधून चादर घातली की पलीकडे इस्त्री होऊन बाहेर पडते. रुळांच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. ती जाळी त्या दिवशी नव्हती. ती महिनाभर नव्हती. दिवाळीच्या आधीची गर्दी, खोल्या भरलेल्या, आणि जाळीपाशी चादरी अडकतात, वेळ जातो, म्हणून लाँड्रीच्या साहेबांनी ती काढून ठेवायला सांगितली होती. सुमनची चार बोटं आणि तळवा गेला. म्हणजे तुटला नाही, पण शिजला. हा शब्द ताराबाईंचा. मी त्याला दुसरा, जरा सोसवेल असा शब्द शोधून पाहिला आहे. नाही सापडला.

त्या दिवशी वर्ग झाला नाही. दुसऱ्या दिवशी ताराबाई एकट्याच आल्या. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचाही हात भाजला होता. सुमनला ओढून काढताना भाजला असणार. त्यावर त्यांनी हळद थापली होती.

''बाई, परवा मीटिंग हाय. मोठ्ठे सायेब बसनार. त्यांना मराठी येत न्हाई. मी बोलनार. तुमी तयारी करून घ्या.''

मागण्या तीनच होत्या. जाळी परत बसवा. सुमनचा हात बरा होईपर्यंत उपचार करा. आणि नंतर तिला हलकं काम द्या, काढू नका. मी दोन दुपारी त्यांची तयारी करून घेतली, आणि मला सांगायला लाज वाटते की त्या दोन दुपारी मी फार सुखात होते. इतकी वर्षं मुलांना कर्तरी-कर्मणी शिकवून कंटाळलेली मी, आता माझी भाषा कुणाच्यातरी कामाला येणार होती. पुट युअर कार्ड्स ऑन द टेबल, असं मी त्यांना पढवलं. म्हणजे पत्ते लपवू नका, सगळे उघडे मांडा. समोरच्याचा विश्वास बसतो.

''सगळे?'' त्यांनी विचारलं.

''सगळे.''

''समोरच्यानं न्हाई मांडले तर?''

''तुम्ही मांडलेत की त्यालाही मांडावे लागतात,'' मी म्हटलं. कुठल्या पुस्तकातलं होतं कोण जाणे. मी तर आयुष्यात एकदाही सगळे पत्ते मांडलेले नाहीत. घरात नाहीत, शाळेत नाहीत, कुठेच नाहीत.

मीटिंग दुपारी झाली. खिडकीबाहेर स्वच्छ पिवळा उजेड, खाली औंढ्याची खाचरं, त्यांत कापणीला लागलेली माणसं ठिपक्यांएवढी. आत मोठे साहेब, कर्मचारी विभागाचा समीर, सुमनच्या वतीने ताराबाई, आणि दुभाषी म्हणून मी. समीर पुण्याचा, तिशीचा, अतिशय गोड बोलणारा. मला दार उघडून धरायचा. त्याने ताराबाईंना स्वतः पाणी ओतून दिलं.

ताराबाईंनी सुरुवात इंग्रजीत केली. इस्त्री केलेली गडद हिरवी साडी, हात मांडीवर घट्ट. ''सर, वुई वाँट टू क्लिअर द एअर. आय पुट माय कार्ड ऑन द टेबल.'' कार्ड म्हणताना 'र'वर जोर आला आणि मोठ्या साहेबांच्या ओठाची कड हलली. ते हसले नाहीत, फक्त कड हलली. समीरने वहीत बघितलं. आणि मला, देवाशपथ सांगते, ताराबाईंची लाज वाटली. माझी विद्यार्थिनी, आणि हा उच्चार. अंगावर पाल पडावी तसं झालं.

मग इंग्रजी संपलं आणि त्या मराठीवर आल्या. मी भाषांतर करू लागले.

''जाळी आमी काढली. महिना झाला. लाँड्रीच्या सायबांनीच सांगितलं, काढा म्हनून. मी दोनदा बोलले, लावू द्या, पोरींचे हात जातील. ते म्हनले, गर्दी सरूंद्या.''

पहिलं वाक्य मी इंग्रजीत सांगितलं तेवढ्यात समीरने हात वर केला. ''मॅम, एक मिनिट. हे लिहूनच घेऊया ना, सगळ्यांसाठीच बरं. तुम्हीच लिहा, तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलंय.'' त्याने कागद सरकवला. मी लिहिलं. आमच्याकडे बाई 'आमी' म्हणते तेव्हा त्यात ती असते, तिच्याबरोबरच्या असतात आणि कधीकधी नुसती हुकूम पाळल्याची सवय असते. इंग्रजीत मला 'वुई' आणि 'आय' यांतलं एक निवडायचं होतं. समीर म्हणाला, ''मुकादम त्याच ना? मग आय लिहा.'' मी आय लिहिलं. पुढचं वाक्य लिहायला लागले तर तो मऊ आवाजात म्हणाला, ''मॅम, आत्ता फक्त काय घडलं तेवढंच. का घडलं, कुणी सांगितलं, ते आपण पुढच्या टप्प्यात घेऊ. फेअर आहे ना?''

मोठे साहेब माझ्याकडे पाहत होते, कौतुकाने. किती दिवसांत माझ्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं.

कागदावर चार ओळी झाल्या. मी तो ताराबाईंसमोर ठेवला. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. इंग्रजी बोलायला त्या शिकल्या होत्या, वाचायला मी अजून शिकवलं नव्हतं.

''बाई, आपलं सगळं आलं ना ह्यात?''

मी म्हटलं, ''हो.''

हे 'हो' मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. भीती होती का? नव्हती, मला कुणी धमकावलं नव्हतं. लोभ होता का? थोडा, समीर पुढच्या वर्षाच्या वर्गाचं बोलला होता. पण खरं कारण त्याहून क्षुद्र आहे. मला ती मीटिंग छान पार पडायला हवी होती. त्या थंडगार खोलीत मी त्यांच्यातली एक वाटत होते, आणि एका सहीसाठी मला तिथून उठायचं नव्हतं. ताराबाईंनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर दाबून.

आठ दिवसांनी त्या वर्गाच्या वेळेला आल्या. बाकीचे अकरा जण बसलेले. कुणाकडून तरी वाचून घेतलेलं पत्र त्यांनी माझ्यासमोर धरलं.

''बाई, हे शिकवायचं राहिलं. पार्ट वेज म्हंजी काय?''

मी पत्र वाचलं. सुरक्षेची जाळी स्वतः काढल्याची आपण दिलेली लेखी कबुली लक्षात घेता, अत्यंत खेदाने, वगैरे. मी म्हटलं, ''मार्ग वेगळे करणं.''

''म्हंजी काढलं?''

''हो.''

''मग तसं का न्हाई लिहीत?''

वर्गात कुणी हसलं नाही. बागेतला एक जण खाली बघून खिशात काहीतरी शोधू लागला. ताराबाईंनी पत्राची घडी केली. ''कबुली म्हंतात ती कुटली? मी तर गाऱ्हानं दिलतं.''

मी त्यांना सांगू शकले असते. तिथेच, त्या अकरा जणांसमोर. मी म्हटलं, ''आपण नंतर बोलू.'' आणि फळ्याकडे वळले. त्या गेल्यावर मी पाऊण तास शिकवलं, आणि चांगलं शिकवलं.

सुमनला हलकं काम मिळालं. पोहण्याच्या तलावापाशी टॉवेल द्यायचं, एका हाताने जमेल असं. त्यासाठी तिने एका कागदावर सही केली. जाळी मुकादमांनी काढली, दुसऱ्या कुणाचं नाव मला माहीत नाही, असं त्यात होतं. तो कागद मराठीत होता. म्हणजे सुमनने तो वाचून सही केली. तिला मी दोष देत नाही. खरं तर देते, मनातल्या मनात. तिच्याकडे बोट दाखवलं की मला थोडं हलकं वाटतं, म्हणून देते.

आणि जाळी? जाळी दुसऱ्याच दिवशी बसवली गेली. ताराबाईंची पहिली मागणी सर्वांत आधी मान्य झाली.

कापणी अर्ध्यावर आली होती तेव्हा मी औंढ्याला गेले. ऊन कोवळं होतं, बांधांवर कापलेलं भात मुठीमुठीने पसरलेलं, आणि त्याचा तो गोडसर, कोवळ्या दुधासारखा वास. ताराबाई आणखी चौघींबरोबर एका ओळीत कापत होत्या. भाजलेल्या हाताची कातडी गुलाबी, नवी. त्यांनी मला पाहिलं, ओळ पूर्ण केली आणि मगच बांधावर आल्या.

''पानी घ्या बाई.''

मी पाणी प्यायले. ''ताराबाई, माझं चुकलं. त्या कागदावर...''

''म्हाईत हाय. माज्या भाच्यानं वाचून दावला.'' आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथे उभं राहायला सोपं गेलं असतं. ''आता आसं करा. सरकारी कचेरीत अर्ज दिलाय. पुढच्या सोमवारी तारीख हाय. तितं येऊन सांगा, ही बाई काय बोलली आन् मी काय लिवलं. बास. माफी नगं.''

''येईन,'' मी म्हटलं. ''नक्की येईन.''

त्यांनी मान डोलावली. मग ओळीतल्या बायकांना ओरडून म्हणाल्या, ''बाई येनार हायेत गं!'' चौघी उभ्या राहिल्या, कपाळावर हाताची सावली धरून त्यांनी मला बघितलं. एक म्हातारी तिथूनच म्हणाली, ''देव भलं करो बाई तुमचं.'' निघताना त्यांनी मला पिशवीभर हिरव्या शेंगा दिल्या, वालाच्या.

सोमवारी सकाळी मी तयार झाले होते. चांगली साडी, पर्स, चष्मा. स्टेशनच्या पायऱ्या चढत असताना समीरचा फोन आला. ''मॅम, तुम्ही आज जाताय असं कळलं. नाही नाही, प्रेशर अजिबात नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मला फक्त तुमची काळजी वाटते. कागद तुमच्या हस्ताक्षरात आहे ना. तुम्हीच म्हणालात की तो चुकीचा लिहिला, तर लोक विचारतील, मग लिहिला का. तुमचं इतक्या वर्षांचं नाव आहे मॅम.''

तो खोटं बोलत नव्हता. एवढंच त्यातलं वाईट होतं.

मी पायऱ्यांवर उभी राहिले. माणसं बाजूने चढत-उतरत होती. गाडी आली आणि गेली. मग मी घरी आले, साडी घडी करून ठेवली, वालाच्या शेंगा सोलल्या आणि त्यांची उसळ केली. उसळ चांगली झाली होती. हेही सांगायला हवं.

पुढचं मला सुमनकडून कळलं, ती एकदा बाजारात भेटली तेव्हा. हातावर पातळ मोजा घातलेला, उन्हाने कातडी जळते म्हणून. ''तारामावशी दिवसभर बाकावर बसून व्हत्या. कचेरीतला सायेब दोनदा म्हनला, तुमच्या बाई कुटायत? मावशी म्हनल्या, येतील, गाडी चुकली आसंल. चार वाजेपत्तुर तेच.'' अर्ज निकाली निघाला. पुरावा नाही. सुमनने हे सांगितलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघणं टाळलं. मग ती म्हणाली, ''कोथिंबीर चांगली हाय आज.'' मी म्हटलं, ''हो, घेते.''

त्यानंतर तीन कापण्या झाल्या. रिसॉर्टचा वर्ग मी आणखी एक वर्ष घेतला. समीर मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला, जाताना मला फुलं दिली. मी फाइल थोडी सुधारली. पत्ते मांडण्याचा वाक्प्रचार काढून टाकला. वर्गाला सांगताना मी म्हणते, वेळ पुरत नाही.

काल नव्या हॉटेलातला पहिला वर्ग होता. दहाला पोचायचं होतं. कामशेतला गाडीतून उतरून मी पवनेकडे जाणाऱ्या जीपच्या थांब्यावर आले. सकाळची वेळ, कापणीला निघालेल्या बायका, डोक्यावर गाठोडी, विळे फडक्यात गुंडाळलेले. जीप भरलेली. ड्रायव्हर ओरडला, ''एकच सीट! चला, एकच!'' माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिने दांडा धरून एक पाय वर टाकला होता. दांडा धरलेल्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत, सुरकुती नसलेली. ती मी ओळखली. तिने वळून मला पाहिलं.

केस पांढरे झाले होते. बाकी त्याच. ताराबाईंनी पाय खाली घेतला.

''तुमी बसा, बाई.''

''नको, नको. तुम्ही आधी आहात.''

''मी लेकीकडं चालले, तिच्या कापनीला. भात काय पळून जात न्हाई.'' मग ड्रायव्हरकडे वळून, सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, ''ह्यांना घे रं. ह्यांना येळंवर पोचायचं आस्तं.''

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आतल्या एका म्हातारीने सरकून जागा केली आणि माझ्या हातातली फाइल धरायला हात पुढे केला. पुढची जीप अर्ध्या तासाने होती. ऊन वर यायला लागलं होतं. ताराबाई गाठोडं खाली ठेवून त्यावर टेकल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या, माझ्याकडे नाही.

मी चढले आणि बसले.